घरच्या भिंतीवरची प्रत : जपानी काष्ठठसाचित्रे आणि आपली परंपरा

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीगोंदे तालुक्यात, दौंड-मनमाड लोहमार्गावर काष्टी हे गाव आहे. शनिवारच्या जनावरांच्या बाजारामुळे ते दूरवर परिचित आहे. गेल्या वर्षावासात तेथील एका उपासकांच्या घरी धम्मचर्चेच्या निमित्ताने जाण्याचा योग आम्हांस आला. बैठकीच्या खोलीत दर्शनी भिंतीवर तथागतांची आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची प्रतिमा होती. बाजूच्या भिंतीवर मात्र एक वेगळेच चित्र होते. प्रचंड निळी लाट उसळली आहे, तिच्या माथ्यावरचा फेस पंजासारखा वाकला आहे, खाली तीन लांबट होड्यांतून वल्हेकरी अंग चोरून बसले आहेत आणि या सगळ्यामागे, अगदी लहान, हिमाच्छादित पर्वत दिसत आहे. चित्र छापील नव्हते. चित्रकला-शिक्षकाचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या घरच्या नातीने एका पुस्तकातील चित्रावरून ते हाताने रंगविले होते.

घरातील वडीलधारे आजोबा धम्मदीक्षेच्या वेळी लहान होते. ते आम्हांस म्हणाले, "सर, आमच्या वडलांनी घरातल्या समद्या तसबिरी उतरवल्या, देव्हारा रिकामा केला. आता ही पोरगी परमुलखातली तसबीर लावती. ह्यात बुद्ध कुठं हाय? आन् ती बी नक्कलच."

आजोबांच्या बोलण्यात दोन प्रश्न होते. या चित्राचा बौद्ध परंपरेशी संबंध काय, हा पहिला. हाताने केलेल्या नकलेला मोल काय, हा दुसरा. त्या दिवशी आम्ही जे उत्तर दिले ते अपुरे होते. ते पूर्ण करण्याचा यत्न प्रस्तुत लेखात करीत आहोत.

जपान आपणांस अपरिचित नाही. मूळचे जपानी असलेले भदन्त आर्य नागार्जुन सुरई ससाई यांचे नागपुरातील कार्य आणि जपानी उपासकांच्या साहाय्याने कामठी येथे उभे राहिलेले ड्रॅगन पॅलेस विहार आपल्या वाचकांच्या नित्य परिचयाचे आहे. परंतु जपानी चित्रकलेचे धम्माशी असलेले नाते आपल्याकडे फारसे चर्चिले गेलेले नाही.

काष्टीच्या भिंतीवरील चित्राचे मूळ होकुसाई (१७६०-१८४९) या चित्रकाराचे आहे. 'फुजी पर्वताची छत्तीस दृश्ये' या मालिकेतील हे चित्र इ. स. १८३१ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. तेव्हा होकुसाईने वयाची सत्तरी गाठली होती. येथे एक गोष्ट प्रथमच सांगितली पाहिजे. होकुसाईने हाताने रंगविलेले आणि आज कोठे तरी जपून ठेवलेले असे या लाटेचे 'मूळ' चित्र नाही. चित्रकाराने पातळ कागदावर रेखाटन केले. कोरणाऱ्या कारागिराने तो कागद चेरीच्या लाकडी फळीवर उलटा चिकटविला आणि रेषांमधले लाकूड कोरून काढले. या कामात चित्रकाराचे रेखाटन नष्टच होते. मग प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र फळी कोरली गेली. छापणाऱ्याने ओलसर कागद फळीवर पसरून, बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चपट्या गादीने तो मागून घासला आणि एकेक रंग उठविला. सर्व रंग आपापल्या जागी बसावेत म्हणून फळीच्या कोपऱ्याशी खुणा कोरलेल्या असत. अशा हजारो प्रती निघाल्या. जगातील मोठ्या संग्रहालयांत आज जी लाट पाहावयास मिळते ती यांतीलच एखादी प्रत होय. म्हणजे जिची नक्कल काष्टीच्या मुलीने केली, ती गोष्टही प्रतच आहे.

असे ठसे कोरून प्रती काढण्याची कला आशियात वाढली ती प्रामुख्याने बौद्धांच्या हातून. जपानमध्ये इ. स. ७६४ मधील बंडाळीनंतर साम्राज्ञी शोतोकू हिने लाकडाचे दहा लक्ष छोटे स्तूप करविले आणि प्रत्येकात धारणीमंत्राची छापील पट्टी ठेवविली. हे काम इ. स. ७७० च्या सुमारास पुरे झाले व ते स्तूप दहा विहारांना वाटण्यात आले. ठसे लाकडाचे होते की धातूचे, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु जगातील सर्वांत प्राचीन छापील मजकुरांत या पट्ट्यांची गणना होते, आणि होर्यूजी विहारात त्यांतील हजारो स्तूप आजही आहेत. चीनच्या पश्चिम सीमेवरील तुनहुआंग येथील गुंफेत सापडलेले वज्रच्छेदिका सूत्र इ. स. ८६८ चे आहे. स्पष्ट तिथी असलेला हा सर्वांत जुना संपूर्ण छापील ग्रंथ समजला जातो. आरंभी तथागत सुभूतीला उपदेश करीत असल्याचे चित्र आहे. अखेरीस, वांग जिए नामक गृहस्थाने आईवडिलांच्या प्रीत्यर्थ सर्वांना विनामूल्य वाटण्यासाठी तो छापविल्याची नोंद आहे. 'सर्वांना वाटण्यासाठी' हा हेतू आपण नीट ध्यानात घेतला पाहिजे. ज्या देशात वेदाचा उच्चार ऐकण्यासही शूद्रातिशूद्रांना बंदी होती, त्या देशातून गेलेला धम्म परदेशात प्रती काढून वाटला जात होता. अशा विचारात प्रत काढणे हे हलके काम ठरत नाही. दानच ठरते.

पुढे सतराव्या शतकात एदो (आजचे टोकियो) शहर वाढले आणि तेथील दुकानदार, कारागीर व मजूर यांच्यासाठी चित्रे छापली जाऊ लागली. त्या चित्रांना 'उकियो-ए' म्हणतात. 'उकियो' हा शब्द मुळात बौद्ध जाणिवेचा आहे. दुःखमय, क्षणभंगुर जग असा त्याचा जुना अर्थ होता. एदोच्या नागरिकांनी त्याच उच्चाराचा 'तरंगते जग' असा रंगेल अर्थ केला आणि नाटकातील नट, गणिका, बाजार व प्रवास यांची चित्रे काढली. सोबा नामक साध्या शेवयांच्या एक-दोन वाडग्यांना जेवढे पैसे पडत, तेवढ्यात असे चित्र मिळे. राजवाड्यातील सोनेरी पडदे ज्यांना स्वप्नातही लाभणार नव्हते, त्यांच्या घरात यामुळे प्रथमच चित्र आले.

या इतिहासात हात आणि ठसा हे एकमेकांचे वैरी नव्हते. हिशिकावा मोरोनोबू याच्या काळी ठशाने केवळ काळी रेषा छापली जाई. पुढे त्या छापील रेषेत हाताने शेंदरी, गुलाबी रंग भरण्याची प्रथा पडली. इ. स. १७६५ मध्ये सुझुकी हारुनोबू याच्या काळी अनेक ठशांची पूर्ण रंगीत छपाई रूढ झाली. त्याही आधीपासून क्योतोजवळच्या ओत्सू गावी, तोकाइदो या राजमार्गावर, वाटसरूंसाठी हाताने झरझर रंगविलेली स्वस्त चित्रे विकली जात. प्रारंभी ती बुद्ध-बोधिसत्त्वांची असत आणि गरिबांच्या घरी पूजनासाठी लागत. मागाहून त्यांत उपरोध आला. भिक्षूचे चीवर पांघरून हातात घंटा घेतलेला राक्षस हे त्यांतील प्रसिद्ध चित्र. ढोंगी धार्मिकतेवरील एवढी सडेतोड टीका घराच्या भिंतीवर लावणारा समाज आपणांस परका वाटू नये. ओत्सूच्या चित्रकारांनी आपल्या चित्रांवर नावे घातली नाहीत. ती चित्रे वारंवार त्याच नमुन्यावरून केलेल्या प्रतीच होत्या.

जपानी ठसाचित्राची हाताने प्रत करणाऱ्यांत सर्वांत प्रसिद्ध नाव आहे व्हिन्सेंट व्हॅन गॉग याचे. पॅरिसमध्ये इ. स. १८८७ साली या डच चित्रकाराने हिरोशिगेच्या दोन चित्रांच्या, फुललेल्या प्लमच्या बागेच्या आणि पुलावरील अवचित पावसाच्या, तैलरंगात प्रती केल्या. चौकटीच्या कडेने त्याने जपानी अक्षरे रंगविली. ती त्याला वाचता येत नव्हती. इतर चित्रांतून ती केवळ आकार म्हणून उचललेली होती. अशा प्रतींना कोणी चोरी म्हणत नाही, कारण त्या करताना त्याचा हात सपाट रंग आणि ठाम रेषा शिकला व त्याची पुढील चित्रकला पालटली. पुढल्याच वर्षी त्याने मुंडण केलेल्या बौद्ध भिक्षूसारखे आपले आत्मचित्र रंगविले. बुद्धाचा साधा उपासक म्हणून आपण स्वतःला कल्पिले, असे त्याने पत्रातून कळविले होते. ज्या देशात तो कधी गेला नाही, त्या देशाच्या स्वस्त चित्रांच्या प्रती करता करता तो येथवर आला.

आता आपण आपल्या प्रदेशाकडे येऊ. जपानी हात आणि मराठी भूमी यांची गाठ अजिंठ्याला पडली, आणि तीही प्रत करण्याच्याच निमित्ताने. इ. स. १८१९ मध्ये ही लेणी इंग्रज अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडल्यानंतर मेजर रॉबर्ट गिल याने १८४४ पासून तेथील भित्तिचित्रांच्या मोठ्या प्रती रंगविल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स याने मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रती केल्या. पेस्तनजी बमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक. यांतीलही अनेक प्रती १८८५ मध्ये लंडनलाच आगीत नष्ट झाल्या. त्यानंतर लेडी हेरिंगहॅम हिने १९०९ ते १९११ या काळात नंदलाल बोस आदी तरुण चित्रकारांच्या साहाय्याने तिसऱ्यांदा हे काम केले.

याच सुमारास जपानचे लक्ष अजिंठ्याकडे वळले. ओकाकुरा तेनशिन हा कलाविचारक १९०२ साली भारतात होता. जपानी कलेचा उगम तो भारतीय बौद्ध कलेत शोधीत होता. १९१६ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर जपानला गेले असता शिमोमुरा कान्झान याच्या एका पडदाचित्राने ते भारावले. विहाराच्या आवारात मावळत्या सूर्याला हात जोडून उभा असलेला आंधळा भिकारी असा त्याचा विषय आहे. त्या चित्राची हस्तप्रत आराई कानपो या चित्रकाराकडून करवून घेण्यात आली आणि ती शांतिनिकेतनात आली. जपानी श्रेष्ठ चित्राची हाताने केलेली प्रत भारतीय वास्तूत आल्याचे हे ठळक उदाहरण होय. मागोमाग आराई कानपो स्वतः भारतात आला आणि १९१७-१८ मध्ये जपानी सहकाऱ्यांसह अजिंठ्याच्या अंधाऱ्या लेण्यांत बसून त्याने भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. त्या टोकियोला विद्यापीठात ठेवण्यात आल्या. १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपानंतर लागलेल्या आगीत त्यांचाही मोठा भाग नष्ट झाला.

आराई कानपोची कथा येथे संपत नाही. जपानातील होर्यूजी विहाराच्या मुख्य मंदिरातील भित्तिचित्रे सुमारे तेराशे वर्षांपूर्वीची. त्यांतील बोधिसत्त्व पाहताना अजिंठ्याचा पद्मपाणी आठवल्यावाचून राहत नाही. १९४० मध्ये या चित्रांच्या प्रती करण्याचे काम सुरू झाले व आराई त्यात सहभागी झाला. १९४५ साली, काम अपुरे असतानाच, तो निवर्तला. प्रती करण्याचे काम चालूच असताना २६ जानेवारी १९४९ रोजी मंदिराला आग लागली आणि मूळ चित्रे करपून गेली. जपानने १९५० मध्ये सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणासाठी कायदा केला. २६ जानेवारी हा दिवस तेथे सांस्कृतिक ठेव्याच्या अग्निसंरक्षणाचा दिवस म्हणून पाळला जातो. मंदिराच्या भिंतींवर आज १९६० नंतरच्या दशकात चित्रकारांच्या पथकांनी हाताने रंगविलेल्या प्रती आहेत.

अजिंठ्याची मूळ चित्रे विटत, झडत का होईना उरली आणि प्रती जळाल्या. होर्यूजीची मूळ चित्रे जळाली आणि प्रती उरल्या. अनित्यतेचा सिद्धान्त मूळ आणि प्रत असा भेद करीत नाही. म्हणून ज्याला कलेचे जतन करावयाचे आहे, त्याने मूळ राखावे आणि प्रतही करीत राहावे.

तथापि प्रत करणाऱ्यावर एक जबाबदारी असते, आणि आपल्या वाचकांनी ती विशेष जाणली पाहिजे. जपानी कलेकडे पाहताना आपण भाबडे होता कामा नये. ज्या एदो काळाने ही सुंदर ठसाचित्रे दिली, त्याच काळाने 'एता' म्हणजे 'अतिमलिन' असा शिक्का मारून एक संपूर्ण समाज वेशीबाहेर ठेवला. मृत जनावरांची आणि चामड्याची कामे त्यांच्याकडे होती. बौद्ध म्हणविणाऱ्या मंदिरांनीही त्यांतील मृतांना हीनतादर्शक नावे दिली. १८७१ च्या फर्मानाने कायद्यातील भेद संपला, पण जगण्यातला संपला नाही. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे या समाजाने 'सुइहेइशा' ही समतेची संघटना स्थापिली. बाबासाहेबांच्या महाडच्या सत्याग्रहाआधी पाचच वर्षे घडलेली ही घटना आहे.

याचा ठसाचित्रांशी थेट संबंध आहे. एदो काळात शहरांचे नकाशेही लाकडी ठशांनी छापले जात, आणि त्यांवर या वस्त्या त्या अपमानकारक नावानिशी दाखविलेल्या असत. २००९ साली गूगल कंपनीच्या पृथ्वीदर्शक प्रणालीत असे जुने नकाशे आधुनिक नकाशांवर बसवून दाखविण्यात आले. कसलेही स्पष्टीकरण नव्हते. कोणाचे घर कोणत्या वस्तीत, हे कोणालाही ताडता येऊ लागले. हरकत घेतली गेल्यावर तो शब्द पुसण्यात आला. आमच्या मते दोन्ही गोष्टी अपुऱ्या होत्या. शब्द तसाच ठेवून गप्प बसणे म्हणजे जखम उघडी टाकणे, आणि नुसता पुसणे म्हणजे जखम झालीच नाही असे म्हणणे. प्रतीसोबत इतिहास सांगणे हाच योग्य मार्ग होय.

दुसरी जबाबदारी श्रमाच्या नोंदीची. लाटेच्या चित्रावर होकुसाईची सही आहे. ज्याने ती फेसाची बोटे लाकडात कोरली त्याचे नाव नाही. ज्याने निळ्या रंगाच्या छटा कागदावर उठविल्या त्याचेही नाही. आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात मात्र धेनुकाकट येथील सिंहदत्त या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे नाव दानलेखात आहे, तसेच वेणुवासाचा पुत्र सामी या सुताराचेही नाव कोरलेले आहे. सुमारे दोन सहस्र वर्षांपूर्वी सह्याद्रीतील बौद्धांनी सुताराचे नाव दगडात लिहून ठेवले. ही आपली परंपरा आहे.

आता काष्टीच्या आजोबांना उत्तर देता येईल. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या माणसांनी ज्या तसबिरी उतरविल्या, त्या चित्रे म्हणून उतरविल्या नव्हत्या. त्या तसबिरी शरणागती मागत होत्या, नवस मागत होत्या आणि आपल्या गुलामीला दैवी संमती देत होत्या. रिकाम्या झालेल्या भिंतींवर बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा आल्या. त्याही प्रतीच होत्या. गावोगावी दुकानांच्या पाट्या रंगविणाऱ्या पेंटरांनी छायाचित्रावरून चौकटी आखून, डोळे जमेपर्यंत पुन्हा पुन्हा पुसून बाबासाहेबांची चित्रे रंगविली. त्या चित्रांना कोणी कधी 'नक्कल' म्हणून हिणविले नाही.

चित्र नमस्कार मागते की निरीक्षण, एवढेच पाहावे. लाटेचे चित्र कोणताच नवस मागत नाही. त्यातील पर्वतासारखी लाट पुढच्या क्षणी कोसळणार आहे, आणि खरा पर्वत दूर, लहान व अचल दिसतो आहे. वल्हेकरी प्रार्थना करीत नाहीत. ते वल्ही सोडीत नाहीत. होकुसाई स्वतः निचिरेन पंथाचा उपासक होता, परंतु त्यासाठी हे चित्र बौद्ध ठरवावयाचे असे आमचे म्हणणे नाही. अनित्यता पाहण्याचा सराव ज्याने होतो, ते चित्र उपासकाच्या घरात परके नाही.

त्या मुलीशी बोलताना आणखी एक गोष्ट उघड झाली. तिने सगळ्यात शेवटी फेसासाठी पांढरा रंग लावला होता, आणि तो चित्रात उपरा दिसतो अशी तिची खंत होती. मूळ ठसाचित्रात पांढरा रंग नाहीच. जेथे ठसा उमटत नाही तेथे कागद तसाच राहतो, आणि तोच फेस होतो. तिचा निळा रंगही पोस्टर कलरच्या डबीतला होता. होकुसाईचा गडद निळा रंग बर्लिनमध्ये शोधलेला आणि व्यापाऱ्यांच्या हस्ते जपानला पोहोचलेला होता. हे ऐकून ती म्हणाली, "मग मी पुन्हा काढते. आता कागद सोडून काढते." छापील चित्र विकत आणून लावले असते, तर हा प्रश्नच तिच्यापुढे उभा राहिला नसता. हाताने केलेल्या प्रतीचे मोल ते हेच. ती भिंतीला शोभा देते त्याआधी करणाऱ्याला पाहावयास शिकविते.

निघण्यापूर्वी आम्ही तिला चित्राच्या पाठीमागे चार ओळी लिहावयास सुचविले. तिने लिहिले की मूळ चित्र जपानचे चित्रकार होकुसाई यांचे, सुमारे १८३१ चे. कोरणाऱ्याचे व छापणाऱ्याचे नाव चित्रावर नाही. प्रत हाताने केली, काष्टी येथे. खाली तिने स्वतःचे नाव आणि तारीख घातली. आजोबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले. चित्र बाजूच्या भिंतीवरच राहिले.

आमची उपासक-उपासिकांना विनंती आहे की, आपल्या घरी बुद्धांची, बाबासाहेबांची वा अन्य कोणतीही हाताने रंगविलेली प्रतिमा असेल, तर तिच्या पाठीमागे ती कोणत्या चित्रावरून, कोणी, कोठे आणि कधी केली ते लिहून ठेवावे. गावातल्या ज्या पेंटरने ती रंगविली त्याचे नाव आज वृद्धांना ठाऊक आहे, उद्या ते कोणालाही सांगता येणार नाही. कार्ल्याच्या सुताराचे नाव आपण वाचू शकतो, ते कोणी तरी वेळेवर लिहून ठेवले म्हणून.